अस्वलावर गोळी कुठे मारावी आणि कधी मारूच नये?

पायवाट
नमस्कार मंडळी. मी अलास्कात राहतो. रहिवासी परवान्यावर कॅरिबूची (म्हणजे इथल्या रेनडियरची) शिकार केली आहे, अस्वलाची कधीच नाही. यंदा मे महिन्यात ऑफिसातल्या एका जाणत्या मित्राबरोबर काळ्या अस्वलासाठी जायचं घाटतंय. रायफल थर्टी-ऑट-सिक्स आहे आणि ती हाताला चांगली बसली आहे.

अडचण अशी की कॅरिबूचं गणित सोपं असतं. जनावर आडवं उभं हवं, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात गोळी. अस्वलाबद्दल विचारलं तर एक म्हणतो तसंच मार. दुसरा म्हणतो फरा (खांद्याचं हाड) फोड, जागेवर बसव. तिसरा म्हणतो दोन्ही विसर, अंगाच्या मधोमध. तीन तोंडं, तीन नेम.

मला जखमी जनावर झाडीत सोडायचं नाही. बाकी काही नाही झालं तरी चालेल. ज्यांनी केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी सांगा: नेम कुठे, आणि कोणत्या परिस्थितीत बोट घोड्यावरून काढून घ्यायचं?

शिकार करावी की नाही हा या धाग्याचा विषय नाही. तरी त्यावर लिहिलं जाणार हे ठाऊक आहे.

बंडूतात्या
आमचा सल्ला: गोळी हवेत मारावी, अस्वल पळून जातं, आपण पण. दोघांची आयुष्यं वाढतात.

मिरमिरा
तात्या 😂
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. शामराव कधी येतात बघू.

शाकाहारी_शाम
आलो. पहिल्याच पोस्टमध्ये धागाकर्ता म्हणतो 'मला जखमी जनावर सोडायचं नाही'. न जाण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आपलं काही अडलं नाही. बाहेर गेलेल्या मराठी माणसाने तिकडे जाऊन हाच छंद का लावून घ्यावा?

पायवाट
शामराव, तुमचा मुद्दा मला मान्य नाही पण समजतो. इथे अस्वलं भरपूर आहेत, हंगाम आणि मर्यादा राज्य सरकार ठरवतं, आणि काळ्या अस्वलाचं मांस आम्ही खातो. वसंतात बहुतेक भागांत ते रानातून बाहेर आणणं कायद्यानेच सक्तीचं आहे. वादाला वेगळा धागा काढा, तिथे येतो.

नेमबाज_नाना
पायवाट, तिघेही थोडेथोडे बरोबर आहेत, कारण तिघे तीन वेगळ्या जनावरांबद्दल आणि तीन वेगळ्या हत्यारांबद्दल बोलत असावेत. मी मोंटानात बरीच वर्षं काळ्या अस्वलामागे हिंडतो. (इथे ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वल, संरक्षित आहे, १९७५ पासून. म्हणून काळ्या अस्वलाच्या परवान्याआधी दोन्हींतला फरक ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा प्रत्येकाने द्यावी, परवाना नको असला तरी.)

नेमाच्या आधी केसांबद्दल. अस्वलाची बाह्यरेषा खोटी असते. मे महिन्यात केस लांब असतात, आणि पोटाखाली जी रेषा दिसते ती कातडीची नसून लोंबत्या केसांची असते. कॅरिबूच्या सवयीने त्या रेषेपासून तिसरा हिस्सा मोजलात तर गोळी छातीच्या तळाला खरचटून जाण्याची शक्यता बरीच. केस उडतील, थोडं रक्त पडेल, अस्वल झाडीत जाईल आणि तुम्ही दिवसभर गुडघ्यांवर. वरची रेषाही तशीच. फऱ्यांवरचा उंचवटा म्हणजे स्नायू, चरबी, केस आणि मणक्यातून वर निघालेले हाडांचे काटे. मुख्य कणा त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे वरून पण फसवणूक, खालून पण फसवणूक.

म्हणून आडव्या उभ्या काळ्या अस्वलावर मी पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जातो आणि अंगाच्या निम्म्या उंचीच्या किंचित खाली थांबतो. किंचित मागे, चार बोटं. तिथे दोन्ही फुप्फुसं आहेत. हृदय त्याहून खाली आणि पुढे, कोपरांच्या मधे. त्याच्या मागे लागू नका. फुप्फुसांचं लक्ष्य मोठं आहे आणि इकडेतिकडे झालं तरी काम होतं.

दुसरं, काळ्या अंगावर काळे केस, त्यात सावली. फरा कुठे संपतो ते दिसतच नाही. दुर्बिणीतून बघत राहा. दोन पावलं टाकलं की कातडीखाली फरा सरकताना दिसतो. तोवर नेम धरू नका, नुसतं बघा.

चकवा
+१ नाना. ते फरा सरकण्याचं अगदी खरं. उभ्या अस्वलात काही कळत नाही, नुसता काळा ठिपका.

बर्फाळ
नानांचं काळ्या अस्वलाबद्दल मान्य. तपकिरी अस्वलाला मात्र हेच लावू नका. मी अलास्कातल्या कोडियाक बेटावर एका शिकारी कँपवर सामान वाहायचं आणि स्वयंपाकाचं काम करतो. बंदूक माझ्या हातात नसते, पण कातडं सोलताना गोळी कुठून शिरली आणि कुठे थांबली ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर येतं.

तिथले गाइड पाहुण्याला एकच सांगतात: फरा. पुढच्या फऱ्याचं हाड फुटलं आणि गोळी पुढे छातीत शिरली तर अस्वल चालू शकत नाही. कारण सोपं आहे, चाळीस पावलांवर अल्डरची झुडपं आहेत. नुसत्या फुप्फुसात लागलं तर ते मरतंच, पण मरायच्या आधी अल्डरमध्ये पोचतं. मग त्याच्या मागे आत जायचं कुणी? गाइडने. आणि दुसरं वाक्य ते सांगतात: पहिली गोळी बघत बसू नका, पडेपर्यंत मारत राहा. हरणासारखं एक गोळी, एक फोटो असं इथे नाही.

नेमबाज_नाना
बर्फाळ, फऱ्याला माझा विरोध नाही, हलक्या गोळीला आहे. पटकन फुलणारी हलकी गोळी त्या हाडावरच फुटून बसते आणि आत काही पोचत नाही. जड, एकसंध तांब्याची किंवा शिसं आवरणाला घट्ट जोडलेली गोळी हवी. पायवाटच्या रायफलीत १८० ते २०० ग्रेन वजनाची चालेल.

आणि 'उंच फरा' हा प्रकार तर नकोच. वर लागलं की कण्याच्या काट्यांना धक्का बसतो, अस्वल दगडासारखं कोसळतं, लोक टाळ्या पिटतात, बंदूक खाली ठेवतात. अर्ध्या मिनिटात ते उठतं आणि निघून जातं, काट्याला चीर घेऊन. पडलं म्हणजे मेलं नव्हे.

बर्फाळ
हे शंभर टक्के. सोलताना जुन्या, भरून आलेल्या जखमाही सापडतात.

केतकी_व
मी पशुवैद्य आहे, शिकारी नाही, त्यामुळे नेमाबद्दल बोलणार नाही. 'लगेच मरतं' या समजुतीबद्दल बोलते.

हृदय फाटलं तरी मेंदूत आधीपासून असलेल्या ऑक्सिजनवर जनावर साधारण दहा-पंधरा सेकंद शुद्धीवर राहू शकतं. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावतं. हिशोब करा, तेवढ्यात ते शंभर मीटर सहज जाईल. म्हणजे पळालं याचा अर्थ नेम चुकला असा नाही, आणि त्याच्या वेदना किती हे त्याने कापलेल्या अंतरावरून ठरत नाही. दोन्ही फुप्फुसांना भोक पडलं की रक्तदाब कोसळतो आणि शुद्ध जाते. एकाच फुप्फुसाला लागलं तर गोष्ट वेगळी, दुसऱ्यावर ते तासन्‌तास काढू शकतं. यकृताला लागलं तर मरतं, पण सावकाश. आतड्याला लागलं तर फार सावकाश आणि फार वाईट.

म्हणून प्रश्न 'हृदय की फरा' यापेक्षा 'गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाणार का' असा विचारावा असं मला वाटतं. बाजूची गोळी तिरकी गेली तर बाहेरून छान दिसते आणि आत एकच फुप्फुस.

पायवाट
केतकीताई, हे फार उपयोगी. म्हणजे जनावर तिरकं असेल तर शिरण्याची जागा बदलते.

नेमबाज_नाना
बरोबर. शिरण्याच्या जागेकडे बघूच नका. पलीकडचा पाय डोळ्यांसमोर आणा आणि गोळी त्या फऱ्यातून बाहेर पडेल अशी आत घाला. अस्वल तिरकं, पाठ आपल्याकडे अशा स्थितीत म्हणूनच शेवटच्या काही बरगड्यांतून शिरावं लागतं. हा कोन चांगला आहे. पण फार तिरकं झालं तर वाटेत पोट येतं, तेव्हा नको. तोंड आपल्याकडे आणि तिरकं असेल तर मी थांबतो. बर्फाळच्या कँपवर जड रायफलवाले मारत असतील.

बर्फाळ
मारतात. सगळेच गाइड खूश नसतात.

नवखा_निशाण
मंडळी, एक बावळट प्रश्न. डोक्यात का नाही? एक गोळी, खेळ खल्लास, यातना शून्य.

चकवा
बावळट नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. अस्वलाचं डोकं मोठं, मेंदू छोटा, कवटी मागे उतरती, दोन्ही बाजूंना जबड्याच्या स्नायूंची जाड उशी. डोकं सतत हलतं. चार बोटं चुकलं तर जबडा तुटलेलं अस्वल उपाशी मरायला रानात. शिवाय अलास्कात बऱ्याच भागांत कवटी आणि कातडं ३० दिवसांच्या आत खात्याकडे नेऊन मोहोर लावून घ्यावी लागते, तिथे ते दात काढून वय तपासतात. फुटकी कवटी घेऊन कोण जाणार.

खवचट_काका
पण ती अल्बर्टाची बाई? बेला ट्विन. १९५३ च्या मे महिन्यात स्लेव्ह लेकजवळ पॉइंट टू-टू च्या, म्हणजे अगदी छोट्या गोळीच्या, एकबारी बंदुकीने ग्रिझली मारली, डोक्याच्या बाजूला. त्या काळचा विक्रमी ग्रिझली होता तो. म्हणजे डोकं चालतं की.

चकवा
काका, ती क्री जमातीची, जन्मभर सापळे लावून उपजीविका करणारी बाई होती. अस्वल काही पावलांवर आलं, लपायला जागा नव्हती, म्हणून मारलं. ते पडल्यावरही ती थांबली नाही, पुन्हा गोळ्या भरून डोक्यातच मारत राहिली. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून जे केलं त्याला आपण सल्ला कसा म्हणायचा? मोठ्या जनावरांसाठी टू-टू आता बहुतेक ठिकाणी बेकायदेशीरच आहे.

खवचट_काका
बरं बुवा. तरी बाईला सलाम.

मिरमिरा
सलाम +१

तिरकमान
उशिरा आलो. मी अमेरिकेतल्या मेन राज्यात धनुष्यबाणाने शिकार करतो, आमिषावर, मचाणावरून. पायवाटला रायफल वापरायची आहे, तरी थोडं लिहितो, कारण पहिल्या पोस्टमधलं 'मधोमध' बहुधा आमच्या लोकांकडून आलं आहे.

बाणाला धक्का नसतो, धार असते. हाडावर तो थांबतो. म्हणून आम्ही फऱ्यापासून लांब राहतो आणि जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तेव्हाच सोडतो. पाय पुढे गेला की फरा सरकतो आणि छातीचा डबा उघडा पडतो. अस्वलाची फुप्फुसं हरणाच्या मानाने मागेपर्यंत जातात, म्हणून उंचीच्या मध्यावर, पायापासून थोडं मागे. रायफलवाल्याने मात्र 'मधोमध' शब्दशः घेऊ नये. संपूर्ण अस्वलाचा मध्य काढलात तर पोटात जाल. छातीचा मध्य.

मचाणाचा एक घोटाळा. अस्वल अगदी खाली, झाडाच्या बुंध्याशी आलं की कोन खडा होतो. बाण वरून शिरतो, एकच फुप्फुस कापतो आणि खाली बाहेर पडत नाही. वरचं भोक चरबीने बुजतं, उरलेलं रक्त केस शोषून घेतात, जमिनीवर थेंब नाही. शरदात तर कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. म्हणून दोन भोकं हवीत आणि बाहेरचं खाली हवं. मचाण फार उंच बांधू नका, आमिष पंधरा-वीस मीटर लांब ठेवा, बुंध्याशी नको.

शाकाहारी_शाम
आमिष म्हणजे शिळ्या डोनटचे पिंप ना? त्यावर जेवायला आलेल्या जिवाला वरून बाण. आणि शीर्षकात नीतीचा प्रश्न. वा.

तिरकमान
शामराव, टोमणा पोचला. पण उलटी बाजू ऐका. आमिषावर अस्वल वीस मीटरवर, निवांत, दहा-दहा मिनिटं उभं असतं. मादी आहे का, मागे पिल्लं आहेत का, आडवं आहे का, सगळं बघायला वेळ मिळतो. न मारता परत पाठवलेली अस्वलं कितीतरी जास्त. डोंगरावर दोनशे मीटरवरून चालत्या अस्वलावर गोळी टाकणारा माझ्यापेक्षा नैतिक कसा? जखमी जनावराचा प्रश्न महत्त्वाचा मानत असाल तर आमिषाचा विचार करावाच लागतो. मेनमध्ये २००४ आणि २०१४ मध्ये आमिषबंदीवर सार्वमत झालं, दोन्ही वेळा लोकांनी नाकारलं.

केतकी_व
आणि कोलोरॅडोत १९९२ मध्ये लोकांनीच आमिष, कुत्री आणि वसंतातली शिकार तिन्ही बंद केली. वसंताची हरकत मुख्यतः दूध पाजणाऱ्या माद्यांमुळे होती. सार्वमताने कुठल्याही एका बाजूचं नैतिक प्रमाणपत्र मिळत नाही, तिरकमान.

तिरकमान
मान्य. प्रमाणपत्र म्हणून नाही दिलं, शामरावांना वाटतं तितकं एकतर्फी नाही एवढंच.

नेमबाज_नाना
मला आमिष आवडत नाही, मी करत नाही. पण 'गोळी कशी लागते' एवढाच निकष लावला तर तिरकमान जिंकतो हे कबूल करायला पाहिजे.

बंडूतात्या
डोनटचं पिंप कुठे ठेवता हो? अस्वलासाठी नाही, सहज विचारतोय.

बंब्या
अवांतर: टेडी बेअरची गोष्ट इथे शोभून दिसेल. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ('टेडी') रूझवेल्ट शिकारीला गेले, काही मिळेना. वाटाड्या होल्ट कॉलियरने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठलं, बंदुकीच्या दस्त्याने डोक्यात हाणून झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना बोलावलं. रूझवेल्टनी बांधलेल्या जनावरावर गोळी मारायला नकार दिला. त्यावर व्यंगचित्रकार बेरीमनचं चित्र छापून आलं आणि खेळण्यातलं अस्वल जन्मलं.

शाळेत सांगत नाहीत ते पुढचं: अस्वल इतकं जखमी होतं की रूझवेल्टनीच त्याला संपवायला सांगितलं, आणि ते सुऱ्याने मारलं गेलं.

शाकाहारी_शाम
हे माहीत नव्हतं. म्हणजे नकार स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी होता, अस्वलासाठी नव्हे.

केतकी_व
दोन्ही असू शकतं ना शामराव. बांधलेलं जनावर मारणं ही शिकार नाही हे त्यांचं म्हणणं, आणि तळमळणारं जनावर तसंच ठेवणं क्रूर हेही त्यांचंच. दुसऱ्या निर्णयावर व्यंगचित्र निघालं नाही इतकंच. मला तर दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो.

नवखा_निशाण
धागा खेळण्यांवर गेला. मांस खरंच खातात का लोक?

चकवा
खातात आणि चांगलं लागतं, विशेषतः वसंतात. मासळी खाऊन माजलेलं असेल तर वास मारतं. पण पूर्ण शिजवा, आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस. ट्रिकिनेला नावाचा कृमी असतो. डुकराच्या मांसात तो गोठवून मरतो, उत्तरेकडच्या अस्वलात असणारी जात गोठवूनही जगते. त्यामुळे 'महिनाभर फ्रीझरमध्ये होतं' हे उत्तर नाही.

इथेच फऱ्याच्या गोळीविरुद्ध अजून एक मुद्दा: पुढचे दोन्ही फरे रक्ताळून वाया जातात. फुप्फुसाच्या गोळीत मांस जवळजवळ सगळं वाचतं.

शाकाहारी_शाम
बर्फाळ, तुमच्या कोडियाकच्या अस्वलांचं मांस आणतात का?

बर्फाळ
नाही. तपकिरी अस्वलाचं मांस आणणं बहुतेक शिकारींत बंधनकारक नाही, कातडं आणि कवटी आणावी लागते.

शाकाहारी_शाम
म्हणजे भिंतीसाठी.

बर्फाळ
हो. बाहेरच्या राज्यातला माणूस तपकिरी अस्वलासाठी आला तर गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर असावाच लागतो. गाइडचे पैसे लोक मांसासाठी देत नाहीत. मी त्याचं समर्थन करणार नाही. मी पगार घेतो आणि कातडं नीट सोलतो. ब्रिटिश कोलंबियाने डिसेंबर २०१७ मध्ये ग्रिझलीची शिकार बंद केली तेव्हा आमच्या तंबूतही यावर रात्र रात्र वाद झाले होते. गाइडांचंही एकमत नव्हतं.

शाकाहारी_शाम
सरळ उत्तराबद्दल आभार. काळ्या अस्वलाबद्दलचा माझा सूर थोडा खाली आणतो, तपकिरीबद्दल नाही.

मिरमिरा
शामराव अर्धी पायरी उतरले. या संस्थळावर पहिल्यांदाच पाहतेय.

बंडूतात्या
स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पायवाट
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहतोय. घोड्यावरचं बोट कधी काढायचं? आणि गोळी लागल्यावर पुढे काय करायचं?

नेमबाज_नाना
माझ्यापुरतं: डोंगरातही शंभर मीटरच्या पुढे नाही, टेका असल्याशिवाय नाही, चालत्यावर नाही, मागच्या पायांवर उभं राहिलेल्यावर नाही. उजेड जायला अर्धा तास उरला असेल तर नाही, कारण माग काढायला उजेड लागतो. मागे दाट झाडी आणि उतार असेल तर मी फार विचार करतो. आणि एकटं अस्वल दिसलं तर ते एकटं आहे याची खात्री होईपर्यंत नाही. पिल्लं झाडावर चढलेली असतात, आई खाली चरत असते. काळ्या अस्वलाची पिल्लं दीड वर्षाची होईपर्यंत आईबरोबर असतात, म्हणजे मे महिन्यात या वर्षीची आणि गेल्या वर्षीची, दोन्ही असू शकतात. पिल्लांसोबतची मादी मारणं अलास्कात बहुतेक ठिकाणी गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी.

बंदुकीबद्दल एक: कुणी म्हणेल अस्वलाला थ्री-सेव्हन्टी-फाइव्हच हवी. जिच्या धक्क्याला तुम्ही घाबरता ती मोठी रायफल तुमच्या ओळखीच्या थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा वाईट. बेंचवरून नव्हे, गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना सराव करा.

चकवा
गोळीनंतर: लगेच दुसरं काडतूस चढवा आणि अस्वल दिसतंय तोवर मारत राहा, बर्फाळ म्हणाले तसं. दिसेनासं झालं की जिथे शेवटचं दिसलं ती जागा एखाद्या झाडावरून पक्की करा. गोळी लागली तेव्हा ते जिथे उभं होतं ती जागा वेगळी, तीही पक्की करा. मग बसा. काळं अस्वल मरताना कधीकधी लांब कण्हतं, तो आवाज आला तर काम झालं. नाही आला तर निदान अर्धा तास. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास.

रक्ताबरोबर केस, चरबी, हाडाचे तुकडे बघा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, गडद म्हणजे यकृत. हिरवट आणि वास म्हणजे आतडं. रक्त नाही म्हणजे चुकलं असं समजून घरी जाऊ नका, तिरकमानने कारण सांगितलंच आहे. दोघांनी जा, एकाने माग बघायचा, दुसऱ्याने फक्त पुढे बघायचं. दोघांनी खाली मान घालून चालायचं नाही.

बर्फाळ
आणि पायवाट, आग्नेय अलास्का आणि कोडियाकमध्ये जखमी केलेलं अस्वल तुमच्या कोट्यात मोजलं जातं, सापडलं नाही तरी. म्हणजे त्या वर्षीची तुमची शिकार संपली. तुमच्या भागाचा नियम पुस्तिकेत बघा. आमचे गाइड म्हणतात हा नियम सगळीकडे हवा.

तिरकमान
हा नियम मला प्रचंड आवडतो. मेनमध्ये मी तो स्वतःपुरता पाळतो.

शाकाहारी_शाम
हाही मला माहीत नव्हता. चांगला आहे.

नेमबाज_नाना
चला, पायवाटची तोंडी परीक्षा. साठ मीटर, काळं अस्वल, आडवं उभं, डोकं खाली, गवत खातंय, वारा आपल्याकडे. तुम्हाला बसायला खडक आहे. जवळचा पुढचा पाय मागे ओढलेला, म्हणजे कोपर छातीवर आलेलं. मारणार?

तिरकमान
मी नाही. पाय पुढे येईपर्यंत थांबणार.

बर्फाळ
रायफलने मारायला हरकत नाही, जड गोळी कोपराच्या वरून जाईल.

नवखा_निशाण
मी पण मारीन. साठ मीटर म्हणजे काहीच नाही.

पायवाट
गवत खातंय म्हणजे जायच्या घाईत नाही, पाय कधीतरी पुढे टाकेलच, तोवर थांबेन. पण त्याआधी: तुम्ही पिल्लांबद्दल काहीच सांगितलं नाही, नाना. आजूबाजूची झाडं बघितल्याशिवाय बंदूक वर करणार नाही.

नेमबाज_नाना
पास. दुसरा प्रश्न. तेच अस्वल, तुम्ही गोळी मारलीत, ते जागच्या जागी कोसळलं, हलत नाही. मित्र पाठ थोपटतोय. पुढे?

नवखा_निशाण
फोटो! 😀

पायवाट
काडतूस चढवून नेम तसाच धरून बसायचं. हललं तर दुसरी गोळी, लगेच. नाही हललं तर काही मिनिटांनी मागच्या बाजूने, वरच्या अंगाने जवळ जायचं, बंदूक तयार ठेवून, आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पाहायचं.

केतकी_व
डोळ्याची पापणी हलली नाही तरच मेलं समजायचं. डोळे मिटलेले दिसले तर थांबा, मेलेल्या जनावराचे डोळे बहुधा उघडे असतात.

बर्फाळ
आणि मित्राला सांगा पाठ नंतर थोपट, आधी बंदूक धर.